ठकी नावाचा मुलगा

ताई,

तुझ्या तेराव्याला वंदनाने खिरीच्या दोन वाट्या वाढल्या. एक तुझ्या पानाशी आणि दुसरी, नेहमीसारखी, जरा बाजूला. ठकीची. वाटीवर तुळशीचं पान ठेवत ती म्हणाली, "ताई आता भेटल्या असतील तिला. इतकी वर्षं एकटी होती बिचारी."

मी पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. ठकी कोण, हे इकडे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली तू निघून गेलीस. वंदना वाटी सरळ करत होती आणि मी तुझा आवाज ऐकत होतो, आमच्या कॅनडातल्या, किचनर गावच्या घरात, डिशवॉशरच्या घरघरीतून: "सांग आता. मी काय जन्मभर 'हो' म्हणायला बसलेय का?"

नाहीच बसलीस.

मी बोलणारा माणूस नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार. फोनवर आपण स्नो किती पडला आणि तुझ्या घर तापवणाऱ्या फर्नेसचा आवाज थांबला का एवढंच बोलायचो. तुला कंटाळा आला की तू म्हणायचीस, "बरं, आता हवामानाच्या बातम्या संपल्या." आणि मी फोन ठेवायचो. आज बातम्या संपल्यानंतरचं लिहितोय.

तुला माहीत असलेलंच आधी सांगतो, कारण हे बाकीच्यांनीही वाचावं असं मी ठरवलंय. मी व्हायच्या आधी आईचे दोन मुलगे गेले. एक पाळण्यातच, एक चालायला लागल्यावर. म्हणून मी झालो तेव्हा आईने माझं नाक टोचलं, परकर-पोलकं शिवलं, केस वाढवले आणि हाक मारायला नाव ठेवलं ठकी. ज्याला कळायला नको त्याला या घरात पुन्हा मुलगा झालाय हे कळू नये म्हणून. आईला ते चिलखत वाटत होतं. गल्लीतल्या पोरांना तो परकर होता. शाळेत नाव घालताना परकर सुटला, मी सुधीर झालो, पण बार्शीची पोरं काही विसरत नाहीत. चौथीतसुद्धा मधल्या सुट्टीत हाक यायची, "ठके, पाणी भर गं!" मग तू शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायचीस. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, कॉलेजात जाणारी बहीण. एकदा तू त्यातल्या एकाचा कान असा पिळलास की त्याची आई भांडायला आली होती.

आणि मग माझा पहिला दिवाळसण, पुण्याला, वंदनाच्या माहेरी. तू कॅनडातून मुद्दाम आली होतीस आणि कौतुकाने आल्बम घेऊन आली होतीस. वंदनाचे दोन्ही भाऊ चेष्टेखोर, सकाळपासून माझ्या चालण्याबोलण्याच्या नकला चालल्या होत्या. सासूबाई पानं उलटत होत्या. बार्शीच्या स्टुडिओतला तो फोटो आला. मागे रंगवलेलं तळं, तू पहिल्यांदा नेसलेली साडी, आणि शेजारी दोन वेण्या, रिबिनी, नाकात बारीक सोन्याची तार.

"अय्या, ही गोड मुलगी कोण गं?"

तू तोंड उघडलंस. मी तुझ्या आधी बोललो. "आमची धाकटी बहीण. ठकी. लहानपणीच गेली."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कुठे हो या फोटोत?"

"मी रडत होतो. म्हणून घेतलं नाही."

खोटं एकटं राहत नाही, त्याला लगेच शेपूट फुटतं. तुझ्या हातातली करंजी तशीच राहिली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि तुझ्याकडे पाहिलं, मोठ्या बहिणीकडे, खात्री करायला. तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "हो."

त्या एका "हो"वर मी पुढची सगळी वर्षं काढली. नाकावरचा व्रण वंदनाला कांजिण्यांचा म्हणून सांगितला. आणि त्या दिवसापासून तू मला ठके अशी हाक कधी मारली नाहीस, चुकूनसुद्धा नाही.

मला वाटलं होतं, गोष्ट तिथेच संपेल. मेलेल्या लहान मुलीबद्दल कोण पुन्हा विचारतं? पण वंदना विचारणारी आहे. आम्ही इकडे आलो, तू आधीपासूनच ग्वेल्फला, आम्ही किचनरला, आणि पहिल्याच सर्वपित्रीला तिने सासू-सासऱ्यांच्या पानांशेजारी एक वाटी ठेवली. तू शास्त्र काढून अडवायला बघितलंस. "अगं, एवढ्या लहान मुलांचं श्राद्ध नसतं."

"शास्त्र राहू द्या हो, ताई. खीर तर खाईल."

त्यावर तू काय बोलणार? ती पानं आम्ही मागच्या डेकवर ठेवायचो. कावळ्याची वाट बघावी तर खार पहिली यायची, आणि वंदना म्हणायची, ठकीच खारीच्या रूपाने येते, बघा कशी तुरूतुरू पळते. मी हसायचो, ताई. हसायचो मी. एका वर्षी वंदना पानं डेकवर नेऊन ठेवायच्या आधीच तू ती वाटी उचललीस, बेसिनपाशी उभ्या असलेल्या माझ्या हातात दिलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "खा. तुझीच आहे. जिवंत माणसाचं पान मांडायला लावतोस बायकोला, तुला भीती नाही वाटत?" मी खाल्ली. वेलदोडा जास्त झाला होता, तेवढंच आठवतं.

मग भावजी गेले आणि तू गावातल्या त्या छोट्या म्युझियममध्ये शनिवारी जायला लागलीस. डे-केअरची नोकरी संपली होती, घरात कंटाळा येत होता. म्युझियमच्या बेसमेंटमध्ये लोकांनी आणून दिलेल्या जुन्या फोटोंची खोकी होती. त्यात कितीतरी फोटो बॉर्डरपलीकडचे, ओहायो-मिशिगनमधल्या नातेवाइकांनी इकडच्या भावाबहिणींना पाठवलेले, शंभर वर्षांपूर्वीचे. मागे नाव नाही, गाव नाही. मॉरीन तिथलं सगळं बघायची. तिने तुला शिकवलं की फोटोचा काळ कपड्यांवरून काढायचा, आणि त्यातही मुलग्यांच्या कपड्यांवरून, कारण ते वयाप्रमाणे पायरी-पायरीने बदलायचे. तुला बर्फात गाडी चालवायची नसायची म्हणून थंडीत मी सोडायला यायचो आणि टिम्सची कॉफी घेऊन तिथेच एका मोडक्या खुर्चीवर बसायचो. आपल्या दोघांचे सगळ्यात चांगले शनिवार तेच होते. मी तेव्हा म्हणालो नाही.

"हा बघ," तू म्हणायचीस, आणि पांढरे हातमोजे घातलेल्या बोटाने दाखवायचीस. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर चार भाऊ. थोरल्याला लांब पँट, नुकतीच मिळालेली, म्हणून तो मिशा नसताना मिशांवर हात फिरवल्यासारखा उभा. दुसऱ्याला गुडघ्याखाली बक्कल लावलेली आखूड विजार, काळे लांब मोजे, बटणांचे उंच बूट. "याचे डोळे बघ. कॅमेऱ्याकडे नाहीतच. थोरल्याच्या पँटकडे आहेत." तिसरा खलाशाच्या कॉलरमध्ये, मोठा चौकोनी कॉलर पाठीवर पडलेला, समुद्र आयुष्यात बघितला नसेल पण कपडे खलाशाचे. आणि चौथा, सगळ्यात खालच्या पायरीवर, पांढऱ्या फ्रॉकमध्ये. कमरेला पट्टा, कुरळे केस खांद्यापर्यंत.

"ही बहीण असेल," मी म्हणालो होतो.

"भांग बघ. मुलीचा बहुतेक मधोमध, मुलाचा कडेला. हा मुलगा आहे."

मी कॉफीत बघितलं.

त्याआधी, अगदी सुरुवातीला, असा पहिला फोटो हातात आला तेव्हाची तुझी फजिती तूच मला सांगितलीस. फ्रॉकमधला मुलगा बघून तू खुर्चीत बसलीस आणि रडायला लागलीस. मॉरीन घाबरली. तू तिला सांगितलंस, या बाईचे आधीचे मुलगे गेलेत, हिच्यासाठी काहीतरी लिहून ठेवायला हवं. मॉरीनने विचारलं, तुला कसं कळलं? तू म्हणालीस, हे काय, मुलाला फ्रॉक घातलाय ना. मॉरीन म्हणाली, "हनी, दे ऑल वोअर ड्रेसेस."

तू मला ऑफिसात फोन केलास, मी मीटिंगमध्ये असताना. "सुधीर, सगळेच! अरे, सगळ्यांचीच पोरं! श्रीमंतांची, गरिबांची, पाच-पाच वर्षांपर्यंत. कुणी मेलं म्हणून नाही रे, धुवायला सोपं म्हणून. मॉरीन म्हणते, दोन वर्षांच्या पोराची बटणं सोडून बघ एकदा घाईच्या वेळी." तू इतकी हसत होतीस की तुला ठसका लागला. "आपल्याकडे नजरेची भीती आणि यांच्याकडे लंगोटाचा कंटाळा! आणि पहिली विजार घातली की काय, घरात सण. फोटो काढायचे, केस कापायचे, बाप खिशात नाणं टाकायचा. तुझ्यासारखंच रे, तुझी शाळेतली पहिली चड्डी आठवते? आईने पेढे वाटले होते."

मला आठवत होती. मी म्हणालो, "ताई, मी मीटिंगमध्ये आहे."

ठसका लागेपर्यंत हसून तू मला काय देत होतीस, ते मला तेव्हा कळलं नाही असं म्हणणं सोपं आहे. कळलं होतं. घ्यायचं नव्हतं.

मग मॉरीनने तुझ्यावर फोटोंचा एक बोर्ड सोपवला. म्युझियमच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळ, अमेरिकन मुलग्यांचे कपडे: पाळण्यातल्या झग्यापासून लांब पँटपर्यंत. तुला त्यात माझा फोटो हवा होता. फ्रॉकमधल्या मुलाच्या शेजारी परकरातला मुलगा. गाडी ग्वेल्फच्या पुलावर असतानाच तू विषय काढलास, म्हणजे मला उतरता येऊ नये.

"लोकांना आवडेल. आणि वंदनाला सांगायचं निमित्त होईल."

"नाही."

"का पण? बघितलंस ना, सगळेच होते."

"तुझ्या अमेरिकन पोरांना शाळेत पाणी भरायला नाही लावलं कुणी."

"लावलंही असेल. तुला काय माहीत?"

आणि मग मी ते बोललो. इतकी वर्षं तोंड शिवून बसणारा मी, आणि तोंड उघडलं ते यासाठी. म्हणालो, "तुला स्वतःचं मूल असतं ना ताई, म्हणजे कळलं असतं, मुलासमोर बापाची काय इज्जत असते ते."

वायपर चालले होते. तू हातमोजे काढून मांडीवर ठेवलेस. मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणालीस, "एक होतं की. परकर घालून माझ्याच कडेवर होतं. आई दोन वर्षं धड उठत नव्हती, ते कुणी सांभाळलं?"

मी तुला म्युझियमच्या दारात सोडलं. तू उतरलीस, दार लावलंस, परत उघडलंस आणि म्हणालीस, "विंटर टायर बदल. घसरतेय गाडी."

माफी मागितली असती तर तू "चल, हट" म्हणून विषय बदलला असतास. मी मागितलीच नाही. त्यानंतर आपण फक्त हवामान बोललो. हॉस्पिटलात तुला भेटायला आलो तेव्हा संपूर्ण रस्ताभर वाक्य जुळवत होतो. खोलीत आलो, तू डोळे उघडलेस, मला बघून तुझा चेहरा असा खुलला की मी वाक्यच विसरलो. "टायर बदललेस?" तू विचारलंस. "बदलले," मी म्हणालो. खरंच बदलले होते. एवढंच काय ते खरं मी तुला शेवटी दिलं.

तर तेरावा. वंदना म्हणाली, ताई आता भेटल्या असतील तिला. आमचा निहार प्लेट घेऊन उभा होता. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, "ती वाटी उचल. ठकी मेलेली नाही."

वंदनाला वाटलं, माझं डोकं फिरलं. मी आत जाऊन तुझ्या कपाटातून आणलेला आल्बम काढला, तो फोटो टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. उभ्यानेच. बसलो असतो तर थांबलो असतो.

निहार फोटो हातात घेऊन माझ्याकडे आणि फोटोकडे आलटून पालटून बघत होता. "वेट, बाबा. सो देअर वॉज नेव्हर अ ठकी?"

"होती," मी म्हणालो. "मीच."

"ओके," तो म्हणाला. मग जरा थांबून, "दॅट्स अ लॉट," आणि मग, ताई, त्याने येऊन मला मिठी मारली, एका हातात प्लेट तशीच धरून. मुलासमोरच्या ज्या इज्जतीसाठी मी तुला तसं बोललो, तिची त्या पोराला काही पडलीच नव्हती. तुला हे आधीच माहीत होतं ना?

वंदना नाही हसली. "माझी आई जाईपर्यंत तिच्यासाठी दिवा लावत होती," ती म्हणाली. "मी रडलेय रे तिच्यासाठी. निहार तापाने फणफणला होता तेव्हा मी तिला सांगितलं होतं, आत्या आहेस, लक्ष ठेव." आणि ती बेसमेंटमध्ये जाऊन कपडे धुवायला लागली. तीन-चार दिवस घरात कामापुरतंच बोलणं. मी दारातला बर्फ शोव्हल करत होतो, ती ड्राइव्हवेच्या दुसऱ्या टोकाकडून शोव्हल करत येत होती. मधे गाठ पडली तेव्हा ती थांबली, फावड्यावर रेलली आणि म्हणाली, "म्हणून तुझी तब्येत अशी ठणठणीत! दरवर्षी जिवंतपणी खीर मिळतेय." आणि हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता मला बर्फाचा गोळा मारला. मी खाल्ला तो गोळा, ताई. हक्काचा होता.

मग तिने जे विचारलं त्याचं उत्तर मला येत नव्हतं. "पण खरे दोघं होते ना? त्यांची नावं काय?"

नाही माहीत. आई ती नावं घेऊ द्यायची नाही आणि मी तुला कधी विचारलं नाही. माझी लाज लपवायला मी एक खोटी बहीण मारली, आणि जे खरंच गेले होते त्यांना इतक्या वर्षांत कुणी एक घास दिला नाही. ती नावं फक्त तुझ्याकडे होती. याला आता काही उपाय नाही. बाकी सगळ्याचं मी काही ना काही करेन, याचं काही होणार नाही.

वंदना मिटन काढून हात चोळत होती. म्हणाली, "आपल्याला नाही माहीत म्हणून काय झालं? ताईंना माहीत आहेत. त्या मारतील हाक."

मॉरीनचा फोन त्याच आठवड्यात आला. तुझा बोर्ड पुरा लागलाय, फक्त एक जागा रिकामी आहे, तीही तूच ठेवायला सांगितलेली. "युअर सिस्टर सेड यू वेअर थिंकिंग अबाउट इट."

मी नाही म्हटलं होतं. स्पष्ट. आणि तू तिला सांगितलंस, तो विचार करतोय.

फोटो मी स्वतः घेऊन गेलो. मॉरीनने हातमोजे दिले, मी घातले नाहीत. माझाच फोटो होता. खाली लिहायच्या चिठ्ठीवर काय लिहू असं तिने विचारलं. बाकीच्यांच्या खाली तुझ्या अक्षरात आहे: मुलगा, साधारण चार वर्षांचा, नाव माहीत नाही. मुलगा, साधारण सहा, नाव माहीत नाही. मी लिहिलं, मुलगा, चार वर्षांचा, आणि पूर्ण नाव. त्यानंतर मी दर शनिवारी जातो. मला तुझ्यासारखं चटकन ओळखता येत नाही, कॉलरवरून गोंधळ होतो. मॉरीन म्हणते, येईल. आणि खरं सांगू, मला आवडायला लागलंय. इतके मुलगे, इतक्या आयांनी इतक्या निगुतीने नटवलेले.

मागच्या शनिवारी जांभळ्या स्नोपँटमधली एक सात-आठ वर्षांची मुलगी तुझ्या बोर्डसमोर बराच वेळ उभी होती. तिची आई कोट लटकवत होती. मी शेजारीच खोकं उचलत होतो. तिने मला हाक मारली, कारण गळ्यात बिल्ला होता.

"इज दॅट अ गर्ल?"

"नो. अ बॉय." खोकं खाली ठेवून मी म्हणालो, "दॅट्स मी."

तिने माझ्या टकलाकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. परत टकलाकडे. मुलं किती वेळ घेतात बघायला, आणि त्यात नावं ठेवणं किती कमी असतं. "व्हाय आर यू इन अ स्कर्ट?"

मी तिला सांगितलं. तिच्या भाषेत, जमेल तसं. माझ्या आईचे दोन मुलगे माझ्याआधी गेले होते, म्हणून तिला भीती वाटायची की मीही हरवेन.

"अँड डिड शी? लूज यू?"

"नो," मी म्हणालो.

तिने मान डोलावली, पटल्यासारखी, आणि फोटोच्या आणखी जवळ गेली, काचेवर श्वासाची वाफ धरेपर्यंत. ती आता तुझ्याकडे बघत होती. नवीन साडीत अवघडलेली तू, आणि तुझा हात माझ्या खांद्यावर, बोटं इतकी घट्ट की पोलक्याला चुण्या पडल्यात.

"शी'ज नॉट लेटिंग गो," ती म्हणाली.

"नाही," मी मराठीतच म्हणालो, आणि तिला कळलं.